पाटीवरची रिकामी घरं

सारजाबाई ढमाले गेल्याचं कार्ड पुण्याहून आलं, त्याला आता चाळीस दिवस होतील. चार ओळी होत्या. तिसरी ओळ होती, 'सकाळी चहा घेऊन पेपर मागितला व तो येईपर्यंत प्राण गेला.' ते कार्ड मी माझ्या वहीत ठेवलं आहे. त्या वहीत एका पानावर बाईंचं स्वतःचं अक्षर आहे, त्या पानाला लावून.

बाईंवर कुणी काही लिहिणार नाही. मूल नव्हतं, नवरा त्या नऊ वर्षांच्या असताना गेला. त्याचा चेहरा त्यांना आठवत नव्हता आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. जन्मगाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. म्हणून मीच लिहिते. माझ्या हातून त्यांच्या बाबतीत एक चूक झाली, तीही लिहिते. वगळून लिहिलं तर बाईंना आवडलं नसतं.

मी रोज पहाटे फजरची नमाज झाली की वही उघडते. वर अल्लाहचं नाव, खाली तारीख, मग पाच ओळी. ही सवय बाईंनी लावली. मी त्यांच्या हाताखाली पौडात सातवीपर्यंत शिकले. लग्न ठरलं तेव्हा त्या घरी आल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, "मुलगी गावातच देताय, बरं झालं. हिच्या हातचं लिहिणं सुटू देऊ नका." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाचच ओळी, पण रोज. आणि वहीत खोटं लिहायचं नाही. खोटं बोलायला तोंड आहे."

आमचं किराणा दुकान पौडच्या बाजारात. दुकानामागं आमचं घर आणि घराला लागून एक खोली. सत्तर साली बाई निवृत्त झाल्या आणि त्या खोलीत राहायला आल्या. एक खाट, एक स्टोव्ह, दारात तुळस आणि खुंटीला लाकडी चौकटीची पाटी. शाळा सुटली, पण पाटी सुटली नाही. त्याला कारण होतं कोडं.

पुण्याचा पेपर सकाळच्या एसटीनं यायचा. कंडक्टर गठ्ठा स्टँडवर टाकायचा, त्यातला एक आमच्या दुकानात. त्या पेपरात रोज शब्दकोडं असे, आडवे शब्द, उभे शब्द, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी. पण पेपर दुकानाचा. माणमधले, भूगावातले लोक बाजाराला आले की फळीवर बसून तो वाचायचे, संध्याकाळी तो रद्दीत जायचा आणि मग त्याच्या पुड्या व्हायच्या. त्यात पेन चालवणं बाईंना पटायचं नाही. त्या उभ्या उभ्याच कोड्याची चौकट पाटीवर काढून घ्यायच्या. काळी घरं पेन्सिलीनं भरायची, आकडे घालायचे, खालची वाक्यं मात्र डोक्यात. मग पाटी घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायच्या. दहा ते अकरा. मी भाजी निवडायची आणि त्या घरं भरायच्या. दुसऱ्या दिवशी उत्तर ताडून पाहिलं की पाटी पुसायची. मागं काही उरायचं नाही.

"बाई, सुटलं का कोडं?" दुकानात कुणी ना कुणी विचारायचंच.

"सुटलं. तुझं सुटलं का?"

"आमचं कुटलं?"

"मागच्या बुधवारी पोरीला शाळेत घालतो म्हणाला होतास ते."

विचारणारा पिशवी उचलून चालू लागायचा. आमचे हे हसून म्हणायचे, "बाईंच्या डोक्याला गंज न्हाई चढायचा. रोज घासत्यात."

ऐंशी साली बाईंची थोरली बहीण आजारी असल्याचा निरोप आला. बाई वर मावळात तिच्या गावी जाऊन आल्या. दोन दिवस उंबऱ्यावर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या पाटी न घेता.

"तिनं मला ओळखलं नाही, सुरैया."

"वय झालं बाई त्यांचं."

"वय माझंही झालं. ती उठून कुठंही जाते म्हणून लेकानं तिचा पदर खाटेच्या पायाला बांधून ठेवलाय. वाईट नाही तो मुलगा. भात कापायला जायचं असतं त्याला, तो तरी काय करील? गाठ सोडायला मी हात घातला तर तीच मला म्हणाली, नको, तो रागावेल."

मग बाई वर्गात बोलायच्या तशा आवाजात म्हणाल्या, "मला असं व्हायचं नाही. पुण्याला ज्या संस्थेत मी शिकले तिथं म्हाताऱ्या बायकांना ठेवून घेतात. माझं डोकं जायला लागलं की मी आपल्या पायानं तिथं जाणार. कुणी हाताला धरून न्यायच्या आधी. पण डोकं जातं तेव्हा ज्याचं जातं त्याला कळत नाही. ताईला कळलं नाही. तेव्हा ते तू सांगायचं."

"मी?"

"तूच. रोज मी किती घरं रिकामी सोडते ते तुझ्या वहीत लिहायचं. आठवडाभर रोज पाचाच्या वर रिकामी राहिली की मला सांगायचं, बाई, निघा. गोड करून नाही, सरळ. दे वचन."

मी हळदीनं पिवळा झालेला हात पदराला पुसला आणि वचन दिलं. आमच्यात वचन म्हणजे अमानत. दुसऱ्याची ठेव. ती मोडणाऱ्याची नमाज काय कामाची, असं माझी आई म्हणायची.

तेव्हापासून वहीत पाच ओळींखाली एक आकडा यायला लागला. शून्य. शून्य. एक. शून्य. दोन, त्याच्यापुढं बाईंचं म्हणणं, 'कोडं काढणाऱ्याची चूक.' माझ्या वहीतली ती दोन वर्षं मी अजून कधी कधी चाळते.

आता पावसाळ्याचं सांगायला हवं. वाटेत ओढा रस्त्यावर आला की एसटी यायची नाही, म्हणजे पेपर नाही. अशा दिवशी बाई पिंजऱ्यातल्या पाखरासारख्या व्हायच्या. एकोणऐंशीच्या पावसात मी एक युक्ती केली. रद्दीतला वर्षापूर्वीचा पेपर काढला, तारखेचा भाग दुमडला आणि त्यांच्यापुढं ठेवला. पेपर कोराच, कारण त्यांनी तेव्हा पाटीवर सोडवलेलं. बाईंनी दोन वाक्यं वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे मी नागपंचमीच्या दिवशी सोडवलंय. चार आडवं तरवा. 'भाताचं रोप, तीन अक्षरी.' अगं, मी चालायला लागायच्या आधी तरव्याच्या मुठी हातात धरल्या असतील. मलाच फसवतेस?"

तेव्हापासून तो आमचा खेळ झाला. पेपर आला नाही की मी रद्दीतलं कोडं पुढं करायची आणि त्या पकडायच्या. एकदाही चुकल्या नाहीत. तो तरव्याचा पेपर मी फडताळात अंथरला. वर साखरेचा डबा ठेवला.

ब्याऐंशीच्या जुलैत तीन दिवस एसटी आली नाही. दुकानात रद्दी उरली नव्हती. मी साखरेचा डबा उचलला आणि फडताळातला तो पिवळा पेपर झटकून बाईंना दिला. मनात हसत होते, आता म्हणतील, सुरैया, तिसऱ्यांदा?

बाईंनी पाटीवर चौकट काढली. घरं भरायला लागल्या. मी मेथी निवडत होते, माझे हात थांबले. अकराच्या सुमारास त्यांनी पाटी माझ्यापुढं धरली. "आज अवघड घातलंय गं. सहा राहिली."

चार आडवं रिकामं होतं.

"बाई, भाताचं रोप," मी म्हटलं.

"तेच आठवत नाहीये. ओठावर आहे."

त्या दिवशी मी वहीत आकडा लिहिला, शून्य.

का लिहिला? त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पहिल्या दिवशी वाटलं, एक दिवस आहे, पावसानं माणूस सुस्त होतं. दुसऱ्या दिवशी सात राहिली, मी लिहिली दोन. त्यानंतर मी मदत करायला लागले. "त पासून आहे बाई," "देवळात असते बघा." त्या भरायच्या आणि मी शून्य लिहायची. आठवडा झाला, पंधरा दिवस झाले. 'बाई, निघा' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघेनात.

खरं सांगते. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, एक साताऱ्याकडं, एक खेडला. मुलगा सौदीत, त्याचं पत्र महिन्यानं. आमचे हे सकाळी सहाला दुकानात बसायचे ते रात्री जेवायलाच आत. घरात भांडं पडलं तर त्याचाच आवाज. दिवसाकाठी माणसाशी माणसासारखं बोलणं व्हायचं ते दहा ते अकरा, उंबऱ्यावर. बाई पुण्याला गेल्या तर माझ्या दहा ते अकराचं काय, हा माझा विचार होता. मी त्याला त्यांच्यावरची माया म्हणत होते. नमाजेला बसले की सगळं सरळ दिसायचं. उठले की पुन्हा शून्य लिहायची. आणि ते अल्लाहचं नाव वर लिहून खाली लिहायची.

असे चार महिने गेले.

दिवाळीनंतर एका दुपारी गोजराबाई दारात उभी राहिली. ती कासारसाईकडून येऊन स्टँडवर भाजी विकायची. तिनं बाईंच्या दंडाला धरलं होतं. बाईंच्या दुसऱ्या हातात पाटी होती.

"ह्या तुमच्या बाई. स्टँडवर बसल्या व्हत्या. पोरी कुटं गेल्या, घंटा कवाच झाली म्हनत्यात. म्या म्हनलं, बाई, आज ऐतवार हाय. तर मलाच म्हनाल्या, तुझा गृहपाठ दाखव." गोजराबाई हसली. मग आवाज खाली करून मला म्हणाली, "आता दावं लावा म्हातारीला. न्हाईतर एक दिस एसटीखाली जाईल."

वाईट मनानं नव्हती बोलली. गुरं राखणारी माणसं, त्यांना दावं म्हणजे काळजीच. पण मला खाटेचा पाय दिसला आणि त्याला मारलेली गाठ दिसली. बाई खाली मान घालून उभ्या होत्या. हात सोडवून घ्यायचा प्रयत्नही करत नव्हत्या. तेच मला सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वच्छ होत्या. तसे दिवस अजून यायचे. तुळशीला पाणी घातलं, पाटी घेऊन आल्या, म्हणाल्या, "चहा कर, आलं जास्त घाल." मी चहा ठेवला नाही. समोर बसले आणि सगळं सांगितलं. जुलैपासूनचं. तरव्याचं, मदतीचं, शून्यांचं, काल स्टँडवर झालं ते.

त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "खरे आकडे कुठं आहेत?"

"लिहिलेच नाहीत, बाई."

"म्हणजे मी कुठवर आले ते मला कळायला मार्गच नाही." त्यांनी पाटी मांडीवर घेतली. "आणि मी निघायला हवं होतं ते दिवस तू खर्च केलेस."

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडू नको. पट्टी आण."

मला वाटलं चौकट आखायला हवी आहे. आणली.

"हात पुढे कर."

पंचेचाळीस वर्षांची बाई मी, नात आहे मला. हात पुढं केला. त्यांनी एक पट्टी मारली. हळू नाही मारली. मग पट्टी खाली ठेवून म्हणाल्या, "झालं. आता पेपर आण, आणि आज तोंड उघडायचं नाही."

त्या दिवशी त्या एक वाजेपर्यंत बसल्या. मी तोंड उघडलं नाही. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सवयीनं, मी काही सांगेन म्हणून. मी मेथीकडं पाहत राहिले. मेथी कधीच निवडून झाली होती. शेवटी त्यांनी स्वतः घरं मोजली, पेन्सिलीचं टोक एकेका घरावर टेकवून. अकरा.

"तुझी वही दे."

वहीत त्यांनी लिहिलं. फळ्यावर लिहीत तसंच, प्रत्येक अक्षराला डोकं, प्रत्येक ओळ सरळ: 'आज अकरा घरे रिकामी राहिली. ती मी स्वतः मोजली. मी पुण्याला संस्थेत जाणार हे मी शुद्धीत असताना ठरविले आहे. सुरैयाने मला सांगितले. सारजा ढमाले.' मग अंतर्देशीय पत्र मागवून घेतलं, संस्थेच्या नावानं लिहिलं, कडा चिकटवल्या आणि माझ्या हातात दिलं. "आजच टाक."

पेटीतलं टपाल निघून गेलं होतं. उद्या टाकीन म्हणून मी पत्र कुराण ज्यावर ठेवतो त्या लाकडी रेहलखाली ठेवलं. ती जागा मी का निवडली मला माहीत नाही. तिथं ठेवलं की मला फसवता येणार नाही असं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी दहाला बाई उंबऱ्यावर आल्या. पाटी पुसली.

"कालचं किती लिहिलंस गं? शून्य ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेष्टा करत नव्हत्या. अकरा, पट्टी, पत्र, काहीच नव्हतं उरलेलं. पट्टीची रेघसुद्धा माझ्याच हातावर होती.

घरात शांत होतं. दुकानात तराजूचं पारडं वाजलं. माझ्या मनात आलं ते लिहिते: पत्र इथं आहे. हिला आठवत नाही. मी ते चुलीत घातलं तर कुणाला कळणार नाही, आणि उद्याही दहा वाजता ही इथं असेल. परवाही असेल.

मी उठले, रेहल उचलली, पत्र घेतलं आणि डोक्यावर पदर घेऊन पोस्टात गेले. बाजारातून बाई माणूस एकटी, भर सकाळी. आमचे हे दुकानातून म्हणाले, "कुटं निघालीस?" मी म्हटलं, "ठेव परत करायला." त्यांना काही कळलं नाही. पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन बाईंना पुन्हा सगळं सांगितलं.

असं मला पाच वेळा सांगावं लागलं. प्रत्येक वेळी त्यांना ते नवं होतं, प्रत्येक वेळी चेहरा तसाच उतरायचा. पाचव्या वेळी त्यांचा विश्वास बसला नाही. "तुला खोली हवी असेल," असंही म्हणाल्या. तेव्हा मी वही उघडून ते पान त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी चष्मा लावला, बोट ओळीखालून फिरवत वाचलं. मग बोट नावावर थांबलं.

"अक्षर माझं आहे."

"हो, बाई."

"मग मी ठरवलं असणार," त्या म्हणाल्या. "माझ्या अक्षरात मी खोटं लिहीत नाही."

त्यानंतर मी सांगणं सोडलं. फक्त पान दाखवायची.

जानेवारीत संस्थेचं उत्तर आलं. यांनी ओळखीच्या माणसाची जीप सांगतो म्हटलं. बाई म्हणाल्या, "एसटीनं जाईन. तिकीट माझं मी काढीन." एक ट्रंक, एक वळकटी, पाटी. तुळस मला दिली. मी म्हटलं, "बाई, माझ्या दारात तुळस?" त्या म्हणाल्या, "पाणी घालायला धर्म लागत नाही." तिला मी अजून पाणी घालते.

स्टँडवर गोजराबाईनं त्यांच्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवली होती. "बाई, माझा गृहपाठ ऱ्हायला बघा," ती म्हणाली. बाईंनी तिला ओळखलं का नाही कोण जाणे, पण म्हणाल्या, "उद्या दोनदा लिहून आण." एसटीतली माणसं हसली. गोजराबाईनं डोळ्याला पदर लावला.

वाटेत बाईंनी मला तीनदा विचारलं, आपण कुठं चाललोय. तिन्ही वेळा मी वही उघडली. पुण्यात मात्र संस्थेच्या फाटकापाशी उतरलो आणि त्यांनी वही बाजूला सारली. "ही विहीर. तिच्या पलीकडं आमचा वर्ग. मी इथं आठ वर्षं होते." मी हाताला धरायला गेले, तर हात काढून घेतला. फाटकातून आत त्या एकट्या गेल्या, आपल्या पायानं. ट्रंक उचलायला एक बाई पुढं आली. तिला त्यांनी विचारलं,

"इथं पेपर येतो का?"

"येतो की आजी."

"किती वाजता?"

"सातला."

"सात," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या चढल्या. मागं वळून पाहिलं नाही. मी आहे हे विसरल्या असतील. मी तसंच धरून चालले आहे, त्याचा मला राग नाही.

त्यानंतर तीन वर्षं त्या जगल्या. मी वर्षातून दोनदा जायची. शेवटी शेवटी मला 'संस्थेची नवी मुलगी' समजायच्या. पाटी मांडीवर असायची. चौकट काढायच्या, सुबक, घरं कोरी. पण त्यांना कुणी कशाला बांधलेलं मी कधी पाहिलं नाही. विहिरीपर्यंत चालत जायच्या आणि परत यायच्या.

बाई पुण्याला गेल्यावर महिनाभर मी दहा वाजता उंबऱ्याकडं पाठ करून बसत होते. मग एक दिवस पेपर आत मागवला. यांनी विचारलं, "तुला कशाला?" मी सांगितलं, "बघते." मुलाची जुनी पाटी सापडली, तिच्यावर चौकट काढली. पहिल्या दिवशी बावीस रिकामी राहिली. हळूहळू कमी झाली. आता सात-आठावर आहे. रोज वहीत पाच ओळींखाली तो आकडा लिहिते. जेवढा असेल तेवढाच.

परवा ओढा चढला, एसटी आली नाही. फडताळात अंथरलेला तरव्याचा पेपर काढला. चार आडवं लगेच भरलं. बाकीचं सगळं आठवत होतं, तरी सावकाश भरलं. उंबऱ्यावर कुणी नव्हतं. यांना एकदा म्हटलं होतं, माझी घरं वाढायला लागली तर मला सांगाल का? ते म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय गं," आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठले.

वहीत आज लिहिलं आहे: सहा. ती मी स्वतः मोजली.